पाटीवर नाव कुणाचे?



दिवेआगर हे नाव मुंबई-पुण्याच्या लोकांना माहीत झाले ते सुवर्णगणेशामुळे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी गावातल्या एका बाईच्या सुपारीच्या वाडीत काम चालू असताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. त्याआधी या गावाची माहिती होती ती मुख्यतः इतिहासाच्या अभ्यासकांना. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट मराठीच्या सुरुवातीच्या लेखांपैकी एक मानला जातो. पण ताम्रपट बघायला कोणी सहकुटुंब येत नाही. मुखवटा निघाला आणि गाड्यांची रांग लागली. ज्या बाईंच्या वाडीत तो सापडला त्यांचे नाव गावात सर्वांना ठाऊक आहे आणि हकीगत सांगताना ते आदराने घेतलेही जाते. पुढे मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा खून झाला, सोने वितळवले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुखवटा पुन्हा घडवून बसवण्यात आला. मुखवट्याची सर्व कथा आज कुणीही सांगेल. त्या दोन पहारेकऱ्यांच्या घरातल्या बायांनी मधली नऊ वर्षे कशी काढली, हे विचारणारा पर्यटक मला अजून भेटलेला नाही.

या अंकाचा विषय ठरवताना आमच्या संपादक गटात बरीच वादावादी झाली. ‘बघण्यासारखी ठिकाणे’ हा काय स्त्री-चळवळीच्या त्रैमासिकाचा विषय आहे का, असे दोघींचे म्हणणे पडले. हिंसाचार, रेशन, रोजगार हमी हे विषय बाजूला ठेवून आपण सहलीचे लेख छापायचे काय? त्यांची शंका रास्त आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर या पट्ट्यात बायांच्या रोजच्या जगण्यात जो सर्वांत मोठा बदल झाला तो पर्यटनामुळे झाला. वाडीत आणि मासळीबाजारात राबणारी बाई आता त्याच्या जोडीला पाहुण्यांच्या चादरीही धुते. आणि पाहुणे येतात ते काहीतरी ‘बघायला’. काय बघायचे, कुणाचे स्मारक करायचे, कुणाची गोष्ट सांगायची, हे ठरते कुठे? ते ठरवताना आपण कुठे असतो? हा प्रश्न आपला नाही तर कुणाचा?

श्रीवर्धनपासूनच सुरुवात करू. हे पहिल्या भट पेशव्यांचे, बाळाजी विश्वनाथांचे गाव. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली असलेल्या या भागात देशमुखी सांभाळणारे हे घराणे. सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजीपंत घाटावर गेले आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. गावात त्यांचे स्मारक आहे, पुतळा आहे. शाळेच्या सहली येतात, मुले पुतळ्यासमोर उभी राहून फोटो काढतात आणि पुढे समुद्रावर जातात.

या पुतळ्यापाशी सांगण्यासारख्या निदान दोन बायांच्या गोष्टी आहेत. एक येसूबाईंची. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाल्यावर त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई लहानग्या शाहूसह मोगलांच्या हाती लागल्या. शाहू १७०७ मध्ये सुटले. येसूबाई सुटल्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले तेव्हा. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे ही बाई कैदेत होती. दिल्लीच्या स्वारीची गोष्ट सांगताना चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आधी येतात, येसूबाई शेवटच्या ओळीत येतात, त्याही ‘मातोश्रींना सोडवून आणले’ अशा. तीस वर्षे त्यांनी काय केले, कुणाशी बोलल्या, काय विचार केला? निदान एवढा प्रश्न तरी मुलींच्या सहलीला विचारता येईल.

दुसरी गोष्ट राधाबाईंची. माहेरच्या बर्वे, बाळाजीपंतांच्या पत्नी, बाजीरावाच्या आई. नवरा गेल्यावरही त्या पेशव्यांच्या घरातल्या कर्त्या बाई होत्या. १७३५ साली त्या काशीयात्रेला निघाल्या तेव्हा वाटेत राजपूत दरबारांनी त्यांचे स्वागत केले, आणि या यात्रेचा मराठ्यांच्या राजकारणाला उपयोग झाला असे इतिहासकार मानतात. विधवा बाई यात्रेला जाते हे धर्माला मंजूर होते. त्या यात्रेत ती राजकारणही करते, हे मात्र गोष्ट सांगणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. पेशवाईतल्या ज्या बायांना आपण ओळखतो त्या कोणत्या? आनंदीबाई, कारण तिने ‘ध’चा ‘मा’ केला म्हणतात. मस्तानी, कारण ती सुंदर होती म्हणतात. आणि रमाबाई, कारण ती सती गेली.

रमाबाईंच्या स्मारकाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले आणि रमाबाई तिथेच सती गेल्या. थेऊर अष्टविनायकांपैकी, गणपतीच्या दर्शनाला आलेले लोक नदीकाठी सतीचे वृंदावनही बघतात. मी दोन वेळा तिथे गेले आणि दोन्ही वेळा बरोबरच्या लोकांना माहिती सांगणारा माणूस ‘केवढी ती पतिनिष्ठा’ या वाक्यावर येऊन थांबला. बायकांनी हात जोडले. १९८७ मध्ये राजस्थानात देवराला इथे रूपकंवरला जाळले गेले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि सतीचे उदात्तीकरण हा गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी झाला. जुनी स्मारके पाडावीत असे माझे म्हणणे नाही. दगड राहू दे. पण त्या दगडाशेजारी एक पाटी हवी, की ही प्रथा काय होती, ती कुणाच्या सोयीची होती, १८२९ साली ती कायद्याने कशी बंद झाली आणि आज तिचा गौरव करणे हा गुन्हा का आहे. ही पाटी नसली की दगड गप्प राहत नाही. जुनीच शिकवण देत राहतो.

अशी पाटी असू शकते का? असू शकते. त्यासाठी जरा लांब जाऊ.

आमच्या एक ज्येष्ठ मैत्रीण मुलाकडे स्वीडनला राहून आल्या. सहल कंपन्यांच्या जाहिरातीत दिसतात ती सर्व ठिकाणे त्यांनी पाहिली, आणि परत आल्यावर गटाच्या बैठकीत राजवाड्यांबद्दल चकार शब्द न काढता एका सांगाड्याबद्दल बोलत राहिल्या. स्टॉकहोममध्ये ‘वासा’ नावाच्या जहाजाचे संग्रहालय आहे. १६२८ साली हे राजाचे युद्धजहाज पहिल्याच सफरीत, बंदरातच बुडाले. १९६१ साली ते वर काढले. आत माणसांचे सांगाडे मिळाले. त्यातल्या एकाला संशोधक ‘गुस्ताव’ म्हणत असत. युद्धजहाजावर असणार तो पुरुषच, हे गृहीत. २०२३ साली संग्रहालयाने जाहीर केले की आनुवंशिक तपासणीत ती बाई निघाली. आता तिला ‘गेरट्रूड’ म्हणतात. त्याच शहराजवळ बिर्का नावाचे जुने व्यापारी ठाणे आहे. तिथे १९ व्या शतकात एक थडगे खणले होते. तलवार, बाण, दोन घोडे बरोबर पुरलेले. म्हणून तो थोर योद्धा ठरला. २०१७ साली कळले की तीही बाई होती. काही तज्ज्ञांनी लगेच शंका काढली की बाई असेल, पण ती लढत कशावरून होती? योद्धा पुरुष आहे असे मानले होते तोवर, तो लढत कशावरून होता, ही शंका सव्वाशे वर्षे इतक्या जोराने कुणी काढली नव्हती! असो.

यावरून तिकडे सगळे आलबेल आहे असे मुळीच समजू नये. तिथल्या संग्रहालयांतही राजे, सरदार, दर्यावर्दी यांचीच गर्दी आहे, आणि त्यांच्या संपत्तीत आपल्यासारख्या देशांचा घाम आहे. परंतु तिथल्या बायकांनी या गोष्टीचा पिच्छा पुरवला. डेन्मार्कमध्ये ऑरहूस या शहरात १९८२ साली काही बायकांनी एकत्र येऊन स्त्रियांच्या संग्रहालयासाठी संस्था काढली. कामाच्या शोधात असलेल्या बायकांना त्यातून रोजगारही मिळाला. त्यांनी सामान्य बायांच्या आठवणी आणि घरातल्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि शहराच्या जुन्या नगरभवनात ते संग्रहालय उभे राहिले. २०२१ मध्ये त्याचे नाव बदलून ते स्त्री-पुरुष आणि सर्वच लिंगभावांचे संग्रहालय झाले. नाव बदलावे की नाही यावर वेगवेगळी मते असू शकतात. आपल्याकडेही त्यावर वाद होईल, व्हावा. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की सुरुवात शासनाच्या योजनेने झाली नाही, बायकांनी केली.

आणि आता ज्या ठिकाणाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते. नॉर्वेच्या अगदी ईशान्य टोकाला वार्डो नावाचे बेट आहे. मोठे शहर नव्हे. मासेमारीवर जगणारे, वाऱ्याने झोडपलेले छोटे गाव. आपल्या जीवना बंदराला बर्फात नेऊन ठेवल्यासारखे म्हणा. १७ व्या शतकात त्या प्रांतात चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले आणि ९१ जणांचा जीव घेतला गेला. त्यात ७७ बाया होत्या. होड्या वादळात बुडाल्या की कुणीतरी वादळ ‘केले’ असणार, आणि ते करणारी गावातलीच कोणी बाई असणार, हा न्याय. छळ करून तिच्याकडून आणखी चौघींची नावे वदवून घ्यायची, मग त्या चौघींना धरायचे. २०११ साली तिथे स्मारक उभे राहिले. एक लांबलचक अंधारी गल्ली, तिला ९१ छोट्या खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक दिवा, आणि प्रत्येक दिव्यापाशी त्या व्यक्तीचे नाव व कोर्टाच्या कागदांतून काढलेली तिची हकीगत: आरोप काय होता, ती काय बोलली, शिक्षा काय झाली. शेजारच्या दुसऱ्या दालनात लुईझ बुर्ज्वा या थोर शिल्पकर्तीने केलेली जळती खुर्ची आहे. पुतळा नाही, घोड्यावर बसलेले कुणी नाही.

हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नंदुरबारकडे काम करून आलेली एक कार्यकर्ती म्हणाली की डाकीण ठरवलेल्या बाईला गाव सोडावे लागते, ती जिवंत राहिली तरी तिची जमीन राहत नाही, आणि पुष्कळदा सगळा खटाटोप त्या जमिनीसाठीच असतो. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. कायदा झाला म्हणून डाकिणीची भीती गेली नाही. वार्डोच्या लोकांनी आपल्या गावाची सर्वांत लाजिरवाणी गोष्ट बघायला जगाला बोलावले. कुठलेही गाव ‘आमच्याकडे या’ म्हणताना आपल्या अभिमानाच्याच गोष्टी पुढे करते. हे त्याच्या उलट झाले, आणि त्यासाठी त्यांना कोर्टाचे कागद कामी आले. कागद नसते तर ९१ खिडक्यांत लावायला नावे मिळाली नसती. ही कागदाची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

जुन्या चर्चची गोष्टही अशीच आहे. युरोपच्या सहलीत दिवसाला तीन चर्च दाखवतात म्हणून लोक कंटाळतात, पण बेल्जियममध्ये ब्रूझ शहरात चर्चभोवती बायकांची एक वस्ती आहे, १३ व्या शतकातली. तिथे राहणाऱ्या बाया जोगिणी नव्हत्या. कायमची व्रते घेत नसत, सूतकताई-विणकाम, शिकवणे असली कामे करून स्वतः कमावत, वाटले तर सोडून जाऊन लग्नही करू शकत. नवऱ्याच्या किंवा मठाच्या छत्राशिवाय एकत्र राहणाऱ्या बायांची ही घरे १९९८ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली.

आपल्याकडे जुने गोवे बघायला जाणाऱ्या दर दहा जणांतले नऊ बाँ जेझू आणि से कॅथेड्रल पाहून परततात. तिथेच टेकडीवर सांता मोनिकाचा मठ आहे, १६०६ साली सुरू झालेला, जोगिणींसाठी बांधलेला आशियातला पहिला मोठा मठ. आज त्याच्या एका भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. चांदीची पात्रे, हस्तिदंती मूर्ती जरूर बघाव्यात. पण त्या भिंतींच्या आत शेकडो मुली आणि विधवा का आल्या? कोणी श्रद्धेने, कोणी हुंडा परवडत नाही म्हणून, कोणी घरात जागा नाही म्हणून. आणि आपल्याच जिल्ह्यात रेवदंड्याच्या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चच्या पडक्या भिंती माडांमध्ये उभ्या आहेत. १७४० साली पोर्तुगीज गेले. खाडीपलीकडे कोर्लई गावात मात्र त्यांच्या भाषेपासून तयार झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. पोर्तुगालमधून अभ्यासक ती ऐकायला येतात. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती बोली टिकली ती किल्ल्यामुळे नव्हे. चुलीपाशी, आईने लेकराला हाक मारताना टिकली. तोफेच्या शेजारी पाटी लागते. हाकेला कुठली पाटी?

वस्तूंचेही तसेच. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मला फार आवडते. अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, वज्री, विळ्या, शेवपात्रे, कोथरूडहून हलवून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा बायकांच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंना मान देणारे संग्रहालय आपल्याकडे इतक्या आधी उभे राहिले, ही केळकरांची मोठीच कामगिरी. संग्रहालयाचे नाव वडील आणि अकाली गेलेला मुलगा, दोघांचे मिळून आहे. संग्रह जमवण्याच्या वेडात संसार करणाऱ्या कमलाबाई केळकरांचाही या कामात हात होता. त्या नावात नाहीत. दिनकररावांवर दोष ठेवायचा म्हणून हे लिहीत नाही. पण विळीवर नक्षी किती सुबक आहे हे आपण काचेतून बघतो, आणि त्या विळीवर बसून ज्यांच्या कमरेचा काटा ढिला झाला त्या बायांची आठवण काचेत येत नाही.

श्रीवर्धनहून बागमांडल्याला जाऊन फेरीबोटीने वेसवीला उतरले की पुढे दापोलीजवळचे मुरूड लागते. महर्षी कर्व्यांचे गाव म्हणून ते दाखवतात. १८९३ साली अण्णांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले म्हणून याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. स्वतःचे पुराण त्यांनी स्वतः सांगून ठेवले म्हणून आपल्याला त्या कळतात. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला जी वसाहत उभी केली, जिथे चर्च आहे, जिथे बायका छापखाना चालवत, जिथे रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ती वसाहत किती शाळांच्या सहलीच्या यादीत असते? भिडे वाड्याचे तर आपण सर्वांनीच पाहिले. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी जिथे मुलींची शाळा काढली तो वाडा वर्षानुवर्षे पडझडीत आणि कोर्टकचेरीत राहिला. स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला गेला. वाडा गेला. आता तिथे काय उभे राहते, त्यात पहिल्या वर्गातल्या मुलींना जागा मिळते का, यावर पुण्यातल्या गटांनी डोळा ठेवायला हवा.

इथे बैठकीतला दुसरा आक्षेप सांगते, कारण तो सर्वांत बिनतोड होता. आमच्या बचत गटातली एक कोळीण मैत्रीण म्हणाली, “बाई, पाटीवर नाव लागून कुणाचं पोट भरलंय? माझं नाव पाटीवर नको. घरपट्टीवर लाव.”

तिचे बरोबर आहे. म्हणूनच कागदाच्या गोष्टीकडे परत येऊ.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्याच किनाऱ्यावर येऊन आदळले. रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड पिकावर यायला सहा-सात वर्षे लागतात. पंचनामे झाले, भरपाई आली, ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला आली. पहाटे उठून वाडी शिंपणारी, सुपारी वाळत घालून सोलणारी, बागायतीची निम्म्याहून अधिक कामे करणारी बाई त्या कागदावर नसेल तर पंचनाम्याला ती शेजारीणच. नवरा मुंबईला, सासरा वारलेला, चुलत्यांची सामायिक नावे, अशा घरांत तर बाईला तलाठ्यापुढे बोलायलाही तोंड नव्हते. वाडी पडली म्हणून मग खोल्या काढल्या. कर्ज काढून न्हाणीघर बांधले, गाद्या आणल्या. आज रस्त्याने जाताना पाट्या वाचा. मावशींची खानावळ, वहिनींचे घरगुती जेवण, आजीचा वाडा. बाईचे नाते पाटीवर आहे, कारण घरगुती जेवणाला बाईचे नाते असले की पाहुण्याला चव येते. पाटीवर मावशी, आणि बँकेच्या खात्यावर काका. फोनवर भाव ठरवतात काका, उकडीचे मोदक वळते मावशी, रात्री साडेअकराला आलेल्यांना सोलकढी करून देते मावशी, आणि महिन्याला किती उरले हे मावशीला विचारले तर ती म्हणते, “ते ह्यांना ठाऊक.”

शासनाने २०२३ साली स्त्रियांसाठी खास पर्यटन धोरण आणले. त्याचे नाव ‘आई’. (व्याजाची सवलत मिळवायलाही बाईने आधी आई व्हायला हवे काय, हा प्रश्न नाव ठेवणाऱ्यांना पडला नसावा.) नावाचे सोडा, धोरण कामाचे आहे. बाईच्या मालकीच्या आणि बाईने चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज परत मिळण्याची त्यात तरतूद आहे. पण वाक्य नीट वाचा: बाईच्या मालकीच्या. ज्या घरात खोल्या काढल्या ते घर कुणाच्या नावावर? वीजबिल कुणाच्या नावावर? निवास व न्याहारी योजनेतली नोंदणी कुणाच्या नावावर? एका गावात आम्ही चौदा घरांत विचारत गेलो. कागदावर बाईचे नाव एकट्या दोघींच्या घरात होते, आणि त्या दोघीही विधवा होत्या. आणखी एका घरात नवऱ्याने उत्साहाने सांगितले की हिच्याच नावाने अर्ज करू, सही तर मीच करतो. तेव्हा बाईच्या नावाने कर्ज निघून हप्त्यांची जबाबदारी तिची आणि पैसा भलत्याच्या हातात, हा धोकाही ध्यानात ठेवून काम करावे लागेल.

कायद्याचे हत्यार आपल्याकडे आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली आला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनीचा वाटा केला. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावे लावता येतात. त्यासाठी वकील लागत नाही, अर्ज आणि पाठपुरावा लागतो. भावाकडे हक्क मागितला की माहेर तुटते, ही भीती खरी आहे आणि तिला भाषणाने उत्तर मिळत नाही. पण नवऱ्याबरोबर नाव लावण्यात माहेर तुटत नाही. तिथून सुरुवात करता येते.

म्हणून पाटी आणि कागद या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. वाडी बाईने राखली हे ज्या गावाच्या गोष्टीतच नाही, त्या गावाच्या दप्तरात ते कसे येणार? पेशव्यांच्या गावात फक्त पेशवे राहत होते अशी समजूत मुलांची झाली, तर ती मुले उद्या तलाठी, ग्रामसेवक, बँकेचे साहेब होतील तेव्हा घराचा मालक कोण हे विचारताना बाईकडे बघणारच नाहीत. उलटही तेवढेच खरे. नुसती पाटी लागली आणि कागद बदलला नाही, तर मावशींच्या खानावळीत आणखी एका मावशीची भर.

महाडचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये झाला, डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली, आणि त्या वेळी बाबासाहेब तिथे जमलेल्या बायांशी मुद्दाम वेगळे बोलले. त्या बाया कोण होत्या, त्यांनी पुढे काय केले, हे कळायला १९८९ साल उजाडावे लागले, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ येईपर्यंत. त्या दोघी घरोघर गेल्या, म्हाताऱ्या बायांपाशी बसल्या, ऐकले आणि लिहून घेतले. त्यात कुठली मोठी यंत्रणा नव्हती. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर सांगणाऱ्या कितीजणी उरल्या असत्या?

पुढच्या अंकासाठी आम्ही असेच काम योजले आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि दापोली या तालुक्यांतल्या गटांनी आपापल्या गावातल्या सत्तरीपुढच्या निदान दोन बायांशी बोलून लिहून पाठवावे. मुस्लिम मोहल्ल्यातल्या, कोळीवाड्यातल्या, बौद्धवाडीतल्या आणि आदिवासी वाडीवरच्या बाया राहून जातात, तेव्हा सुरुवात तिथून करा. काय विचारावे? वाडीत पाणी कसे चढवत, मासळी डोक्यावर घेऊन कुठवर चालत, जंजिरा संस्थान गेले त्या वेळचे घरात काय ऐकले, पहिले पाहुणे कधी आले, वादळाच्या दिवशी कुठे होत्या. बोलणाऱ्या बाईची परवानगी घ्या, तिने नाही म्हटले तर नाव छापायचे नाही. शेवटी एक प्रश्न सर्वांना विचारा: घर कुणाच्या नावावर आहे? उत्तराबरोबर घरपट्टीच्या उताऱ्याची नक्कल मिळाली तर उत्तम.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या नातीकडून लिहवून घ्यावे. शुद्धलेखन आम्ही पाहू. घरपट्टीवर दोघांची नावे लावण्याच्या अर्जाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. तो फाडून घ्या, भरा, आणि ग्रामसेवकाने पोच देण्यास नकार दिला तर तारीख लिहून आम्हाला कळवा.

— संपादक गटाच्या वतीने